अम्माची पिशवी

अम्माच्या पलंगाच्या उशाशी भिंतीला एक खिळा आहे. पूर्वी त्याला तिची तस्बीह लटकलेली असायची. सात-आठ वर्षांपूर्वी तिथं एक कापडी पिशवी आली, कुठल्याशा साडीच्या दुकानातली, आणि तस्बीह उशीखाली गेली. सुरुवातीला त्या पिशवीत बीपीची एक आणि शुगरची एक अशा दोनच गोळ्या होत्या. गेल्या वर्षी मी ती पहिल्यांदा नीट रिकामी केली, तेव्हा पलंगावर पंधरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या.

'पहिल्यांदा' असं लिहिताना लाज वाटते. कारण दर महिन्याला औषधं मीच आणून देत होतो. मेडिकलवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर चिठ्ठ्यांचे फोटो टाकायचे, पैसे पाठवायचे आणि रविवारी गावी जाताना पुडकं घेऊन जायचं. महिन्याला सहा-साडेसहा हजार जात. खरं सांगायचं तर त्या आकड्याचा मला थोडा अभिमानही होता. आईला काही कमी पडू देत नाही, हे चारचौघांत सांगता येत होतं.

शाबान महिन्यात एका पहाटे, फजरच्या आधी, अम्मा न्हाणीत पडली. मनगटाचं हाड मोडलं. कमरेचं वाचलं, अल्लाहचं शुक्र. मी पोचलो तेव्हा हाताला प्लास्टर घालून ती पलंगावर बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "पैर में जोरच नै था रे. उठी, और आँख के आगे अंधारी आई."

ती रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठायची. लघवी जास्त होण्याची एक गोळी तिला चालू होती आणि ती ती संध्याकाळी घ्यायची. नमाजला उभी राहिली की मध्येच वजू जायचा. पुन्हा वजू, पुन्हा नमाज. शेवटी शेवटी तिनं शेजारणींबरोबर बसणं, कुणाच्या घरी जाणं बंद केलं होतं. मला ती एकदा म्हणाली होती, "मेरेकू वो गोली नको." मी काय म्हणालो असेन? डॉक्टरांनी दिलीय ना, मग घ्यायची.

आमचं गाव मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं ते १८९४ साली, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. आमच्या लहानपणी 'मिरजेला नेलं' एवढं म्हटलं की आजार मोठा आहे हे गावाला कळायचं. आता अम्मासाठी मिरज-सांगलीत बीपी-हृदयाचे वेगळे, शुगरचे वेगळे आणि गुडघ्याचे वेगळे डॉक्टर होते. शिवाय फुफीच्या मुलानं एकदा हट्टानं नेलेले चौथे. चौघांच्या चार फाइली. प्रत्येकानं आपापल्या खोलीत बसून आपापल्या परीनं योग्यच औषध दिलं होतं. चारही फाइली एका टेबलावर मात्र कुणी ठेवल्या नव्हत्या. ते काम घरच्यांचं, म्हणजे माझं.

अखेर त्या फाइली उघडल्या गावातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी. सत्तरी ओलांडलेले, आठवड्यातून चार दिवस दवाखान्यात बसणारे. अम्माच्या हाताकडे बघायला म्हणून गेलो, तर म्हणाले, "पिशवी आणलीय का?" तपासायच्या टेबलावर त्यांनी जुना पेपर पसरला आणि एकेक पाकीट मांडायला सुरुवात केली. बीपीची तीन, शुगरची दोन, रक्त पातळ होण्याची, कोलेस्टेरॉलची, पित्ताची, लघवीची, नसांची, चक्करची, गुडघ्याची, झोपेची, कॅल्शियम, ताकदीची. मग ते तारखा बघून क्रम लावू लागले, कुठली आधी आली आणि कुठली तिच्या मागून.

तो क्रम मी कधीच विसरणार नाही. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू होती. त्या गोळीनं काही जणांचे पाय सुजतात. अम्माचे सुजले. पाय सुजले म्हणून फुफीच्या मुलानं चौथ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी लघवीची गोळी दिली. त्या गोळीनं रात्रीची झोप गेली आणि पोटऱ्यांत गोळे यायला लागले. गोळ्यांसाठी नसांची गोळी आली, झोपेसाठी झोपेची. मग चक्कर यायला लागली, म्हणून चक्करची. दुसरीकडे गुडघ्यासाठी रोजची वेदनाशामक गोळी होती. तिनं पित्त झालं म्हणून पित्ताची आली. तीच वेदनाशामक रोज घेतली की बीपी वाढू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बीपी वाढलं म्हणून बीपीची आणखी एक गोळी आली होती. आणि बीपीच्या तीन पाकिटांपैकी दोन, वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या रंगांची, आतून एकाच औषधाची निघाली. टेल्मिसार्टन. एकात ते एकटं, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाच्या जोडीनं. अम्मा दोन्ही घेत होती.

डॉक्टर मला ओरडले नाहीत. म्हणाले, "गोळी लिहायला अर्धा मिनिट लागतो. बंद करायला तास लागतो, आणि त्या तासाचे पैसे कुणी देत नाही." त्या दिवशी त्यांनी खरोखर तास घालवला. मिरजेच्या दोन डॉक्टरांना आमच्यासमोर फोन केले. फी घेतली नेहमीचीच, शंभर रुपये.

पुढचे तीन-चार महिने एकेक गोळी कमी होत गेली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढलं, मग उरलेलीचा डोस वाढवावा लागला. झोपेची गोळी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. अर्धी, मग पाव, मग दिवसाआड. ती एकदम बंद करायची नसते. (हे वाचून कुणी आपल्या घरच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावं, एवढंच करावं.) रक्त पातळ करणारी अॅस्पिरिन अम्माला कुणी का दिली होती, ते फाइलीत सापडलं नाही. हृदयविकार झालेल्या माणसाला ती हवीच, पण तसं काही न झालेल्या सत्तरीच्या माणसांना ती देऊन उपयोग होतो का, हे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत १९ हजारांवर लोकांवर तपासलं गेलं होतं. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, की फायदा दिसत नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. आज अम्मा रोज चार गोळ्या घेते. गुडघा फारच दुखला तर साधी पॅरासिटामॉल. पाय सुजत नाहीत. रात्री एकदा उठते.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर लुटतात, दुसरं काय. लूट आहेच, ती मी नाकारत नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून जे पुस्तक लिहिलं, 'कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची', त्यात 'कट'चा सगळा व्यवहार डॉक्टरांच्याच तोंडून आलेला आहे. पेशंट पाठवला की पाठवणाऱ्याला वाटा, तपासणी लिहिली की वाटा. ते पुस्तक वाचावं. पण अम्माच्या पिशवीतल्या पंधरा पाकिटांपैकी किती लुटीतून आली आणि किती माझ्यातून, याचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा माझी बाजू जड झाली.

एका ईदला मी अम्माला 'फुल बॉडी चेकअप'चं पॅकेज भेट दिलं होतं. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाची जाहिरात होती, सवलत होती. अम्माला काहीही होत नव्हतं. सोनोग्राफीत मानेत, थायरॉइडमध्ये एक बारीकशी गाठ दिसली. मग सुई घालून तपासणी. रिपोर्टला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत अम्मानं हजहून आणलेलं, जमजमच्या पाण्यात भिजवून सुकवलेलं कफनाचं कापड ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं. आमच्या बहिणीला बोलावून बांगड्या कुणाला द्यायच्या ते सांगितलं. रिपोर्ट आला, काहीही नव्हतं. सगळ्यांनी दुआ कबूल झाली म्हटलं, मिठाई वाटली. बारा दिवस मरणाची तयारी तिला मी करायला लावली होती, हे मला त्या मिठाईत दिसलं नाही.

दक्षिण कोरियात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९९९ पासून तिथं सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हतं, पण दवाखाने थोड्या जास्त पैशांत मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांवर लोकांना 'तुम्हाला कॅन्सर आहे' असं सांगण्यात आलं. थायरॉइडच्या कर्करोगानं मरणारे लोक मात्र आधी होते तेवढेच राहिले, वर्षाला तीन-चारशे. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी अशा होत्या, की त्या शोधल्या नसत्या तर माणूस त्या बरोबर घेऊन म्हातारा झाला असता. तोवर हजारोंच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि ग्रंथी काढलेल्यांना जन्मभर गोळी लागली.

दुसरी गोष्ट मामूंची. ती लिहावी की नाही, यावर मी बराच काळ थांबलो होतो.

एप्रिल २०२१. मामू सांगलीत दाखल, ऑक्सिजनवर. दवाखान्यातून चिठ्ठी हातात आली, रेमडेसिविरची सहा इंजेक्शनं आणा. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेरची रांग, बंद लागणारे फोन, कुणाच्या ओळखीचा कुणीतरी. मामींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मी आणि मामेभाऊ कोल्हापूर, सातारा, पुन्हा सांगली असे दोन दिवस फिरलो. चार मिळाली. दोन मिळाली नाहीत. मामू सहाव्या दिवशी गेले. दफनाला आम्ही पाच जण होतो.

मामी आजही म्हणतात, दोन इंजेक्शनं कमी पडली. मामेभाऊ त्या वेळी काही बोलत नाही, उठून बाहेर जातो. मीही दोन वर्षं तेच धरून बसलो होतो, की आणखी एका माणसाला फोन केला असता तर.

नंतर केव्हातरी वाचनात आलं, की जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे आम्ही रांगेत उभं राहण्याच्या पाच महिने आधी, सांगितलं होतं की दाखल रुग्णांना रेमडेसिविर देऊ नका, त्यानं जीव वाचतो असा पुरावा नाही. पुढं २०२२ मध्ये काही रुग्णांपुरतं तिनं हे मत बदललं, तेही लिहिलं पाहिजे. पण कुठल्याही हिशेबानं ते संजीवनी नव्हतं. त्या वर्षी ज्याची सगळ्यात जास्त गरज होती तो ऑक्सिजन होता, आणि पेशंटकडे लक्ष ठेवणारी नर्स. आमच्या पाटल्या इंजेक्शनात गेल्या. त्याच उन्हाळ्यात वारेमाप स्टेरॉइड आणि बेकाबू शुगर यांतून काळ्या बुरशीचे पेशंट महाराष्ट्रात दवाखाने भरून गेले, कुणाचा डोळा काढला, कुणाचा जबडा. हे मी मामींना सांगितलेलं नाही. मामेभावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तर मग आपण का पळत होतो?"

पळणं हाच पुरावा होता. आपण काही केलं याचा. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे सवाबाचं काम आहे, आणि ते खरंच मोठं काम आहे. पण त्या भेटींत काय विचारलं जातं ते आठवून पाहा. सलाईन लावली का? एमआरआय काढला का? पुण्याला का नाही नेलं? घरच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. 'डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, आपोआप बरं वाटेल' हे उत्तर त्या खोलीत टिकत नाही. लोक काय म्हणतील या एका भीतीपोटी आमच्या घरात किती तपासण्या झाल्या असतील, देव जाणे.

सलाईनचं तर विचारू नका. शेतातून आलेला दमलेला माणूस डॉक्टरांना सांगतो, एक बाटली लावा. आमच्या डॉक्टरांना मी विचारलं, तुम्हीही लावल्या का? "लावल्या की. वीस वर्षं लावल्या. नाही लावली तर पेशंट समोरच्याकडे जातो आणि गावभर सांगतो, यांना काही येत नाही." त्या अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चमचाभरही नाही. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, पाच चमचे. ज्याला तोंडानं पिता येतं, उलटी थांबलेली आहे, त्याच्या शिरेत सुई खुपसून आपण चिमूटभर मीठ नाहीतर कपभर सरबताची साखर सोडतो, आणि मागं प्लॅस्टिकची बाटली, नळी, सुई उरते. कॉलऱ्यानं कोरडा पडलेला, बेशुद्ध माणूस असेल तर तीच बाटली जीव वाचवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा ठराविक मापात पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि नातेवाइकांना सांगितलं, मगानं पाजत राहा. मरणारे तीस टक्क्यांच्या घरात होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. त्या द्रावणाचं पुडकं आज वीस-बावीस रुपयांना मिळतं. महालनबीस २०२२ मध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या गावात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण बाटली कुठल्या कंपनीची चांगली हे ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडच्या. फडाच्या कडेला पालं पडतात. त्यांच्यातल्या तिशी-पस्तिशीच्या बायकांना विचारलं, तर 'पिशवी काढली' म्हणणाऱ्या कितीतरी भेटतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. हा शब्द लिहिताना अम्माची पिशवी मला आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कुणाला अंगावरून जात होतं, कुणाला पोटात दुखत होतं, साध्या औषधानं बरं होण्यासारखं. पण खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना आडोसा, आणि डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशनसाठी उचल घेतली, ती फेडायला पुन्हा ऊस. अम्माच्या बाबतीत माझ्याकडे जास्तीचे पैसे होते म्हणून जास्तीचं औषध आलं. यांच्याकडे पैसे नव्हते, तरी जास्तीचंच वाट्याला आलं. फडाच्या कडेला एक स्वच्छ न्हाणी आणि भरपगारी दोन दिवस मिळाले असते, तर त्यातल्या किती शस्त्रक्रिया लागल्याच नसत्या, असं मला वाटतं.

अम्माचा वजू पाहण्यासारखा असतो. एक तांब्याचा बधना, त्यात जेमतेम लिटरभर पाणी, त्यातही तळाशी थोडं उरतं ते ती तुळशीसारख्या रोपाला, सब्जाला, घालते. आता घरात नळ आला, बोअर आहे, तरी तिचा बधना सुटला नाही. लहानपणी मी नळ मोकळा सोडला की ती आम्हाला ती हदीस सांगायची. पैगंबर साहेबांनी एका साथीदाराला वजूत जास्त पाणी वापरताना पाहिलं आणि हा इसराफ कशाला म्हणून विचारलं. त्यानं विचारलं, वजूतही इसराफ होतो का? तर उत्तर मिळालं, होतो, वाहत्या नदीच्या काठी बसला असलास तरी. वाहत्या नदीच्या काठी पाण्याचा तुटवडा नसतो. तरीही. लहानपणी मला हे पाण्याबद्दल वाटायचं. घरात पैसे आहेत, विमा आहे, मुलगा कमावता आहे, मग आईला जास्त औषध दिलं तर बिघडलं काय, असं मी म्हणत होतो तेव्हा मी नदीकाठीच बसलो होतो.

आणि इथं तर खरीच नदी आहे. हैदराबादजवळ पटनचेरूला औषधांचे कारखाने आहेत, तिथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त प्रमाण त्या सांडपाण्यात. अशा पाण्यात जे जंतू तगतात, त्यांच्यावर मग ते औषध चालत नाही. सर्दीला, घसा खवखवला तर आपण 'जरा स्ट्राँग द्या' म्हणून मेडिकलमधून पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणतो, आणि दोन दिवसांत बंद करतो. आमच्या पिशवीतही तसं एक अर्धं पाकीट होतं, मुदत संपलेलं. जगातल्या हरितगृह वायूंपैकी चार-पाच टक्के आरोग्यसेवेच्या वाट्याला येतात म्हणे. दवाखान्यांनी सौरऊर्जा वापरावी, कचरा नीट वेगळा करावा, हे सगळं बरोबर. पण जी गोळी लागतच नव्हती तिच्यासाठी चाललेला कारखाना, ट्रक, फ्रीज आणि चकचकीत पाकीट, त्यांना हिरवं करून काय मिळणार?

हे सगळं चाललं असताना एक गोष्ट उघडकीला आली. शेजारच्या खाला, लोकांकडे भांडी घासतात, त्यांचं बीपी अम्माहून जास्त. त्या गोळी डोकं दुखेल त्या दिवशी घेतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण त्यासाठी अर्धा दिवस मोडतो, आणि कधी 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत यावं लागतं. त्यांना रोज एक गोळी हवी होती, महिन्याची ऐंशी-शंभर रुपयांची. ती मिळत नव्हती. भिंतीच्या अलीकडे अम्मा एकच औषध दोनदा घेत होती. अम्मानं आपल्या परीनं यावर उपाय काढला होता. आपल्या पिशवीतली एक स्ट्रिप गुपचूप त्यांना देत होती. त्यामुळे कदाचित तिचा डबल डोस काही दिवस चुकला असेल आणि ती तेवढी उशिरा पडली असेल. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसले, मग म्हणाले, खालाला घेऊन या. आता मी अम्माबरोबर खालांची गोळीही आणतो. महिन्याचं दोघींचं मिळून बिल आठशेच्या आत येतं.

वाचलेल्या गोळ्यांचं काय करायचं हे मात्र अजून सुटलेलं नाही. मेडिकलवाला कापलेल्या स्ट्रिपा परत घेत नाही. अम्मा म्हणाली, गरिबाला देऊन टाक. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. गटारात टाकाव्यात तर पटनचेरू आठवतं. केरळ सरकारनं घराघरांतली अशी औषधं गोळा करायला सुरुवात केलीय असं वाचलं. आमच्या तालुक्यात तसं काही नाही. तेव्हा ती साडीच्या दुकानाची पिशवी सध्या माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवलीय.

खिळा रिकामा झाला, तेव्हा मी तस्बीह पुन्हा तिथं लटकवली होती. गेल्या रविवारी गेलो तर ती उशीखालीच होती. खिळ्याला अम्मानं मोबाइलचा चार्जर अडकवलाय.